केशरबाईची नऊ पानं

प्रिय सुमनताई,

तुमच्या वह्या गेल्या. चौदाच्या चौदा. काल दुपारी आपल्या संस्थेच्या ऑफिसचं स्टोअर सांभाळणाऱ्या गायकवाडांनी फोनवर सांगितलं. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी रजिस्टर काढून नोंद वाचून दाखवली : 'ऊसतोड महिला अभ्यास, हस्तलिखित वह्या चौदा, अहवालातील अटीनुसार नष्ट.' खाली त्यांचीच सही आहे.

अहवाल लिहायला लागण्याआधी वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे आधी बातमी आणि ती कोणी सांगितली ते लिहून मोकळा झालो. पुढचं असं क्रमानं लिहायला जमेल का, सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा तुमच्यावरचे चारशे शब्द मी अर्ध्या तासात लिहून दिले होते. 'मनमिळाऊ, अभ्यासू, हसतमुख.' तुम्ही ते वाचले असतेत तर माझंच लाल पेन माझ्याकडे मागितलं असतंत. हसतमुख? तुम्ही?

आज लिहितोय ते पाथर्डीकडच्या केशरबाईच्या मुलीमुळे, रेणुकामुळे. आठवते ना ती? आपण मुलाखतीला गेलो तेव्हा शाळेच्या गणवेशात, दप्तर मांडीवर घेऊन दारात बसलेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"काका, सुमनबाई कधी येनार हायेत? आई म्हनती, रेणुका मोठी झाली की दोघींपुढं वाचून दावते, असं त्या कबूल झाल्या हुत्या. मोठी झाले की मी आता. लग्न झालं माझं."

तिला तुमचं काही कळलंच नव्हतं. मी सांगितलं. मग तिनं आईला ओरडून सांगितलं. केशरबाई फोनपाशी आली नाही, लांबूनच बोलली. "बाई गेल्या व्हय... आन वही? वही तर हाय ना?"

"आहे," मी म्हणालो. न बघता म्हणालो.

ताई, रेणुकाला पाचवा महिना आहे. आणि येत्या सोमवारी ती आणि तिचा नवरा पहिल्यांदाच कोपरगावकडे ऊसतोडणीला निघणार आहेत. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटी बाई किंवा एकटा गडी कोणाला नको असतो. रेणुका मला म्हणाली, "मी ऱ्हायले तर कोयता मोडतो, काका. त्यांनी एकट्यानं काय करायचं?" केशरबाईला पोरीला थांबवायचंय. जे ऐकून पोरगी थांबेल, ते तिनं जन्मात एकदाच सांगितलं. तुम्हाला.

आणि ते तुमच्या नवव्या वहीत, नऊ पानांवर होतं.

तुम्ही मला उसाच्या फडावरच्या नाही, पण गावातल्या मुलाखतींना एकदाच नेलंत. "रिपोर्ट लिहिणाऱ्यानं एकदा तरी धूळ खावी, संपादक." मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादकच राहिलो, पण तुम्ही चिडवायला तेच म्हणायचात. पाथर्डीच्या स्टँडवरून जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाचा तरी पिठाचा डबा. केशरबाई अंगणात सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती आणि शेजारच्या म्हातारीनं मला नीट न्याहाळून तुम्हाला विचारलं होतं :

"ह्यो कोन वो बाई? नुसताच ढिम्म बसलाय."

"हे लिहितात, मावशी."

"मग तुमी काय करता?"

"मी पण लिहिते."

"दोगं बी लिवता? मग वाचतं कोन?"

सगळ्या हसल्या, मीही हसलो. आता तो प्रश्न रोज आठवतो.

नंतर केशरबाईनं आधी रेणुकाला घालवलं, मग म्हातारीला घालवलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि वाटेवरच्या बाभळीखाली जाऊन बसलो, चांगला अडीच तास. म्हणजे केशरबाईचं बोलणं मी ऐकलेलंच नाही. मी ते फक्त वाचलं. तुमच्या वहीत, तुमच्या निळ्या शाईत.

परतीच्या वाटेवर पाथर्डीच्या स्टँडवर नगरची गाडी लागली होती, कंडक्टर "नगर, नगर" करून घसा कोरडा करत होता, आणि तुम्ही बाकावर वही उघडून बसलात. मी म्हटलं, ताई, गाडी! "जाऊ द्या," म्हणालात. "घरी जाईपर्यंत थंड होईल." दोन गाड्या सोडल्यात. माझी चिडचिड झाली होती. मला दुसऱ्या दिवशी अहवालाचं एक प्रकरण द्यायचं होतं.

तुमच्या वहीत डाव्या पानावर बोलणाऱ्या बाईचे शब्द, जसेच्या तसे. उजव्या पानावर तुम्ही काय पाहिलंत, तुम्हाला काय वाटलं, कुठे तुमचं चुकलं. मला ही पद्धत म्हणजे कागदाची नासाडी वाटायची. शाईच्या पेनावरूनही मी चेष्टा करायचो. तुम्ही म्हणायचात, "बॉलपेन पळतं हो. शाईच्या पेनाला थांबावं लागतं, तेवढ्यात मला कळतं मी काय लिहितेय."

आपलं भांडण तेच होतं, नाही का? माझ्या लेखी लिहिणं हे शेवटचं काम. माहिती गोळा झाली, गठ्ठा बांधला, आता लिहा आणि द्या. तुमचं उलटं. "लिहायला बसते तेव्हाच कळतं की मला समजलेलं नाही. मग परत जाते." मी म्हणायचो, "ताई, परत जायला वेळ कुठाय? पंधरा तारखेला द्यायचंय." मी पंधरा तारीख कधी चुकवली नाही. माझी ख्यातीच आहे तशी.

आणि तो तुमचा वाचून दाखवायचा नियम! ज्याचं लिहिलं त्याला वाचून दाखवायचं. तो "व्हय, असंच" म्हणाला तरच ते पान पुरं. त्या शेजारच्या म्हातारीला तुम्ही पुढच्या खेपेला वाचून दाखवलंत तर तिनं तुम्हालाच झापलं, असं तुम्ही सांगितलं होतंत. "मी हसले ते लिवलंच न्हाई व्हय? रडल्यालं तेवढं बरं घातलं!" आणि तुम्ही तिथंच बसून तिचं हसू घातलंत.

केशरबाईनं मात्र वाचू दिलं नाही. "मला नगं आत्ता. पोरगी मोठी होऊ द्या, मग दोघींला एकदमच वाचून दावा." तुम्ही हो म्हणालात. म्हणजे तुमच्याच नियमानं ती नऊ पानं अपुरी होती. त्यांच्यावर 'व्हय' यायचं राहिलं होतं.

मी त्या नऊ पानांचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. 'स्थलांतरित महिलांना गर्भारपणात आरोग्यसेवेची उपलब्धता मर्यादित असल्याचे आढळून आले.' पान एकेचाळीस, दुसरा परिच्छेद. तुम्ही तो मसुदा वाचून एवढंच विचारलंत, "कोणाला आढळलं?" मी म्हटलं, अहवालात असंच लिहितात. तुम्ही गप्प बसलात. का बसलात, ताई? एरवी एका शब्दावरून तासभर भांडायचात!

रेणुकाला मी तो अहवाल मोबाईलवर पाठवला. वही सापडेपर्यंत तिला काहीतरी द्यावं, असं मनात होतं. बारावी झालीय तिची. तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. असा तो वाचणारी बहुधा तीच पहिली. दोन दिवसांनी फोन केला.

"काका, ह्यात आई कुठंय?"

मी पान एकेचाळीस सांगितलं.

"त्ये वाचलं की. त्ये तर सगळ्यांचंच झालं. त्यात आईचं काय? लई बायकांचं तसं हुतं तिथं, म्हाईतीये मला. माझ्या सासूचं बी झालं. आई उगं घाबरती."

बघा. माझ्या वाक्यानं ती घाबरली नाही. मी मेहनतीनं ते वाक्य असं गुळगुळीत केलं होतं की कोणाच्याच बोटाला लागू नये. नाहीच लागलं.

मग मीच का सांगत नाही तिला, असं तुम्ही विचाराल. केशरबाईनं ते मला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगितलं. मला तर तिनं बाभळीखाली घालवलं होतं. आणि खरी गोष्ट अशी, ताई, की मला आता ते आठवत नाही. सांगाडा आठवतो : रेणुकाच्या आधीची मुलगी, सातवा महिना, उसाच्या पाचटाची झोपडीवजा कोपी, दवाखान्यात न्यायला जीप मिळाली नाही. पण एवढं तर रेणुकालाही अंदाजानं माहीत आहे. केशरबाईचे शब्द गेले. आठवायला बसलो की पान एकेचाळीस समोर येतं. एकदा लिहिलं की मूळ पुसून त्या जागी आपलं वाक्य बसतं, हे मला कोणी का सांगितलं नाही? की तुम्ही तेच सांगत होतात?

दोन जागा तेवढ्या आठवतात. पहिली, डाव्या पानाची सुरुवात : "एकदाच सांगन. परत त्वांडातून निघायचं न्हाई. म्हनून नीट लिवा." दुसरी उजव्या पानावरची, तुमची : 'बाळाचं सांगताना हिचे हात थांबले नाहीत, ज्वारी निवडतच राहिली. नवऱ्यानं त्या संध्याकाळी भाकरी थापली, ते सांगताना थांबले.' ही दुसरी का आठवते ते मला ठाऊक आहे. त्यावर मी पेन्सिलीनं फुली मारून बाजूला लिहिलं होतं : 'संशोधनाशी संबंध नाही.' तुमच्या वहीत, माझ्या अक्षरात. टाइप करणाऱ्या मुलीलाही मीच सांगितलं, उजवी पानं सोडून दे आणि डाव्यातलं मुद्द्यापुरतं घे. तिनं घेतलं. कॉम्प्युटरमध्ये केशरबाईच्या नावावर साडेतीन ओळी आहेत.

आता त्या अटीचं. पळवाट काढत इथपर्यंत आलो, पण सांगावंच लागेल.

अहवाल द्यायच्या दिवशी दुपारी शेवटचं परिशिष्ट राहिलं होतं. मूळ नोंदींचं पुढे काय करणार, असा एक रकाना होता. माझ्यापाशी आधीच्या एका पाहणीचा अहवाल पडलेला होता, घरोघरी फिरून खुणा केलेल्या फॉर्मांचा. त्यातलं वाक्य उचललं : 'अहवाल सादर झाल्यानंतर पाच वर्षांनी मूळ नोंदी नष्ट करण्यात येतील.' फॉर्मांसाठी ते योग्यच होतं. बायकांची नावं कोणाच्या हाती लागू नयेत, हेही बरोबर. चौकटीत केलेल्या खुणा आणि तुमची निळी शाई यांत फरक करायला मला त्या दुपारी एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. ते मिनिट मी दिलं नाही. अहवाल चार वाजता गेला. वेळेच्या एक तास आधी!

आणि तुम्ही, ताई? माणसाच्या एका उसाशासाठी दोन गाड्या सोडणाऱ्या तुम्ही, तुम्हाला माझं परिशिष्ट वाचावंसं वाटलं नाही? "परिशिष्ट तुमच्यावर सोडते, संपादक," म्हणालात. माझ्यावर सोडायची एवढी एकच गोष्ट तुम्हाला सापडली?

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "वह्या कपाटात आहेत ना? केशरबाईचं राहिलंय." ताप होता तुम्हाला. मी उशी सरळ केली आणि म्हटलं, "आहेत हो, तुम्ही झोपा." तेव्हा त्या होत्या. रिक्षानं दहा मिनिटांवर, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होत्या. त्याच संध्याकाळी जाऊन घरी आणल्या असत्या तर?

गायकवाडांचा यात काही दोष नाही. गेल्या उन्हाळ्यात पाच वर्षं भरली, त्यांनी यादी काढली आणि नेमून दिलेलं काम नीट केलं. रद्दीत दिल्या नाहीत, नावं होती म्हणून. कागद कापायचं मशीन बंद होतं, म्हणून टबात पाणी घेऊन भिजवल्या आणि हातानं लगदा केला. मला धीर यावा म्हणून म्हणाले, "साहेब, शाईच्या होत्या, त्यामुळं लगेच गेलं सगळं. बॉलपेनच्या असत्या तर वेळ लागला असता. पानी पार निळं झालं हुतं." मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

एक कबुली राहिली आहे. मंगळवारी सकाळी, अजून नक्की काही कळायच्या आधी, मी कोरी वही घेऊन बसलो. म्हटलं, नाहीच सापडली तर? सांगाडा आपल्याकडे आहे. बोली कानात आहे. केशरबाईला वाचता येत नाही, तिला सगळे शब्द थोडेच आठवत असणार? नऊ पानं लिहावीत, जाऊन वाचून दाखवावीत, पोरगी थांबेल. एका जिवाचा प्रश्न आहे, तिथे कसला आलाय खरेपणा?

दोन पानं लिहिली. फार चांगली उतरली, ताई. इतकी चांगली की माझेच डोळे भरून आले. मग परत वाचलं आणि दिसलं, मी केशरबाईला रडवलं होतं. पहिल्याच पानावर, हातातलं सूप खाली ठेवून. तुमच्या पानावर ती रडली नव्हती. तिचे हात चालू होते. आणि तिच्या नवऱ्यानं भाकरी थापल्याचं माझ्या पानांवर कुठेच आलं नव्हतं, कारण ते मला सुचलंच नसतं. तसं कोणालाच बसून सुचत नाही.

ती पानं मी फाडली. पण ती मला लिहिता आली, याची भीती अजून गेलेली नाही. किती अहवालांत मी असं केलं असेल? किती बायकांच्या तोंडी माझी वाक्यं अजून कपाटात पडली असतील, छापील, बांधीव, सुरक्षित? त्यांना भिजवायला कोणी येणार नाही. ती टिकतील.

मला यातून मार्ग दिसत नाही. केशरबाई पुन्हा सांगेल असं वाटत नाही. तिनं तेव्हाच बजावलं होतं. तिनं ते तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं, परत घ्यायच्या वेळी परत मिळेल म्हणून. आता ती मागतेय आणि माझे हात रिकामे आहेत. रेकॉर्डर का नाही लावलात, असं मी तेव्हा विचारलं होतं. "ती नको म्हणाली," एवढंच तुम्ही सांगितलंत. आज पुन्हा तेच विचारावंसं वाटतं आणि उत्तर तेच असणार, हेही माहीत आहे.

तरी एक शब्द देतो. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं पाथर्डीला जातो. केशरबाईला फोनवर सांगणार नाही, समोर बसून सांगीन. 'वह्या नष्ट झाल्या' असं नाही, 'माझ्या एका वाक्यामुळं तुमचं लिहिलेलं गेलं' असं. त्या वाक्यावर रंधा मारणार नाही. मग विचारीन, मला जेवढं माहीत आहे तेवढं मी रेणुकाला सांगू का? ती नको म्हणाली तर तोंड उघडणार नाही. आणि त्या भाकरीचं तुम्ही लिहिलं होतंत, मी फुली मारली होती, हे तिला सांगीन. नऊ पानांतल्या दोनच जागा मला आठवतात, त्यातली ती एक. ती तिची आहे, तिला परत देतो.

कोरी वही नेतोय. शाईचं पेनही घेतलं, दोनदा हात बरबटले. ती काही बोललीच तर डावं पान तिचं, आणि नगरला परतण्याआधी तिला आणि रेणुकाला वाचून दाखवीन, 'व्हय' म्हणेपर्यंत. ती काहीच बोलली नाही, तर डावं पान कोरं राहील. ते मी भरणार नाही. उजव्या पानावर मी काय केलं ते लिहीन, स्टँडवरच, थंड व्हायच्या आत. गाडी गेली तर जाऊ दे.

रेणुकानं सांगितलंय, सोमवारी सकाळी सात वाजता त्यांना न्यायला टोळीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर शाळेपाशी येईल. सामान बांधून झालंय म्हणाली.

तुम्ही ज्याला संपादक म्हणायचात, तो
मधुकर